भैरीच्या घळीवरची ठकू

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची, ते मला विचारू नका. मला ज्यांनी सांगितली त्यांनाही ते ठाऊक नव्हतं, आणि त्यांनी लहानपणी विचारलं तेव्हा त्यांना "गप ऐक" एवढंच उत्तर मिळालं होतं. तेव्हा तुम्हीही गप ऐका.

कोकणातून वर देशावर यायचं तर तेव्हा पायांवाचून दुसरं वाहन नव्हतं. पाथरवडे गावाखालून एक घाट उतरायचा. खालच्या उंबरवण्याहून पहाटे निघालेला माणूस कारवीच्या रानातून, ओढ्याच्या धोंड्यांवरून चढत चढत दुपारी एका उघड्या पठारावर पोचायचा. पठारावर झाड नाही, झुडूप नाही, पाठ टेकायला दरड नाही. आणि पठाराच्या अगदी समोर होती भैरीची घळ. डोंगराला उभी चीर पडलेली. वरून दगड टाकला तर तो खाली पोचल्याचा आवाज येईपर्यंत माणसाचे दोन श्वास घेऊन व्हायचे. घळीच्या डाव्या काठानं एक वाट गावाकडे जायची, उजव्या काठानं दुसरी जायची. सरळ गेलं की मात्र घळीत.

आषाढापासून अश्विनापर्यंत या पठारावर धुकं उतरायचं. धुक्याबरोबर वारा, वाऱ्याबरोबर बारीक पाऊस. कितीतरी माणसं तिथं गारठून बसल्या जागी गेली. गाव हळहळायचं, दगड रचून खूण करायचं आणि आपल्या कामाला लागायचं.

गावात कोळ्यांच्या घरात दोन जावा होत्या. थोरली हौसा, धाकटी ठकू. हौसा गोरी, हसतमुख, गोड बोलणारी. ठकू काळीसावळी, हाडापेरानं मजबूत, आणि तिचं बोलणं ऐकलं की समोरचा आधी आपलं काय चुकलं ते आठवायला लागायचा. या ठकूला एका श्रावणात पठारावर एक मीठवाला सापडला. ओठ निळे, दातखीळ बसलेली. ठकूनं त्याला पाठुंगळीला मारलं, घरी आणलं, चुलीपुढं निजवून हुलग्याचं गरम माडगं पाजलं. माणूस वाचला. दुसऱ्या दिवशी ठकू तडक चावडीवर गेली. बायकांनी चावडीवर जायची रीत नव्हती, तरी गेली.

"पठारावर एक खोप बांधा," ती म्हणाली. "कुडाची का असंना. आत आग पायजे, ती इझू द्यायची न्हाई. येईल त्याला माडगं आन् भाकर."

गावाला ते पटलं. डाव्या काठावर खोप उभी राहिली. आता ती सांभाळायची कुणी? पंचांनी विचार केला. हौसाचा नवरा त्याच वर्षी वारला होता, पोरबाळ नव्हतं. तिला आधार होईल. शिवाय ती थोरली, पहिला मान तिचा. म्हणून खोप हौसाला दिली, आणि कल्पना कुणाची ते विचारायचं राहून गेलं.

राहून गेलं म्हणजे राहूनच गेलं. वर्षभरात खोपीला "हौसाची खोप" असंच नाव पडलं. घाट चढून आलेला माणूस शेकोटीपुढं हात धरायचा आणि म्हणायचा, "हौसाबाय, तू व्हतीस म्हनून वाचलो." खाली कोकणात लोक लेकींची नावं हौसा ठेवायला लागले. एका वंजाऱ्यानं तर आपल्या आवडत्या गायीला ते नाव दिलं. हे ठकूच्या कानावर आलं त्या दिवशी तिनं चुलीवरचं दूध उतू जाऊ दिलं आणि बघत बसली.

ठकू वाईट होती का? नव्हती. पण तिला हेवा होता, आणि तो लपवायचं तिला जमत नव्हतं. कुणी हौसाचं नाव काढलं की ती हातातलं भांडं आपटायची. ती नवऱ्याला, बुधाला, म्हणायची, "आवो, मीठवाला कुनी आनला? म्या आनला. चावडीवर कोन गेलं? म्या गेले. आन् नाव कुनाचं?" बुधा बिचारा गरीब माणूस. तो म्हणायचा, "नाव काय खायाचं हाय का?" यावर ठकू दोन दिवस त्याच्याशी बोलायची नाही.

शेवटी तिनं दुसरी खोप बांधली. घळीच्या उजव्या काठावर, हौसाच्या बरोबर समोर. कारवी तिनं तोडली, कूड तिनं विणला, शेणमातीनं लिंपला, वर गवत शाकारलं. सात दिवसांत एकटीनं खोप उभी केली, असं म्हणतात. आता घळीच्या या काठावरून त्या काठावरची चूल दिसायची. बोलणं ऐकू जायचं. मात्र घळीला वळसा घालून पलीकडे जायचं तर अर्धा दिवस मोडायचा. म्हणून दोघी जावा एकमेकींना रोज बघायच्या आणि सणासुदीलाच भेटायच्या.

मग काय विचारता! हौसानं भाकरीबरोबर चटणी दिली की ठकू चटणीबरोबर ठेचा द्यायची. ठकूनं पाय धुवायला कढत पाणी ठेवलं की हौसा बैलांच्या खांद्यांना तेल चोळायची. हौसानं दोन घोंगड्या ठेवल्या, ठकूनं चार. वाटसरूंची चैन झाली. कोकणातले काही लोक काम नसताना घाट चढून यायचे आणि एका खोपीत जेवून दुसरीत झोपायचे, असंही म्हणतात. सह्याद्रीत इतक्या मायेनं राखलेला घाट दुसरा नव्हता, आणि ती सगळी माया दोन बायांच्या हेव्यातून निघत होती.

तरी लोक जायचे जास्त करून हौसाकडेच. सवयीनं जायचे. ठकूकडे आलेला माणूसही जेवताना विचारायचा, "ती हौसाबायची खोप कंची वो?" ठकू त्याला भाकरी वाढायची, पण तूप द्यायची नाही.

एका पावसाळ्यात हौसानं नवीन युक्ती काढली. धुकं दाटलं की दारात उभी राहून ती पितळेची परात वाजवायची. टण टण आवाज पठारावर जायचा आणि चुकलेली माणसं त्याच्या रोखानं यायची. सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं. ठकूनं ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी गावातून नाहीशी झाली. तिसऱ्या दिवशी परतली ती डोक्यावर गूळ रांधायची काहील घेऊन. देशावरच्या कुठल्याशा गुऱ्हाळातली, लोखंडाची, चौघांना उचलायला जड. ठकूनं ती एकटीनं आणली, वाटेत फक्त एकदा उतरवली, आणि जिथं उतरवली तिथं खडकाला खळगा पडला, असं म्हणतात. खोपीपुढं घळीच्या कपारीतून वर आलेल्या जुन्या अंजनीच्या झाडाला तिनं ती साखळीनं उभी टांगली आणि लोखंडी मुसळानं पहिला टोला हाणला.

त्या आवाजानं गावातल्या म्हशींनी पान्हा चोरला. उंबरवण्यात लोक भूकंप झाला म्हणून अंगणात आले. घळीपलीकडे हौसाच्या हातातली परात खाली पडली. ठकूनं ते पाहिलं, आणि कित्येक वर्षांनी तिला भूक लागली. त्या दिवशी ती तीन भाकरी जेवली.

तेव्हापासून धुकं आलं की डावीकडून परात आणि उजवीकडून काहील. दोघींपैकी एकही थांबायची नाही.

आणि माणसं घळीत पडायला लागली.

पहिला गेला बांगड्यांचा कासार. मग शेळ्या घेऊन निघालेले दोघे भाऊ. आता तुम्ही म्हणाल, एवढा आवाज असताना माणसं पडली कशी? गावानंही तेच विचारलं, आणि गावाला उत्तर सापडलं: पठारावर चकवा आलाय. चकवा म्हणजे माणसाला वाट विसरायला लावणारं भूत. ते एकदा लागलं की माणूस डोळे उघडे ठेवून खड्ड्यात जातो. गावानं घळीच्या तोंडाशी नारळ फोडला, कोंबडं दिलं. उपयोग झाला नाही. तेव्हा भगतानं सांगितलं, चकव्याला आवाज सोसत नाही. म्हणून गावानं दोघींना निरोप पाठवला की बायांनो, जेवढं वाजवता त्याच्या दुप्पट वाजवा. दोघींनी ते मनापासून ऐकलं. त्या महिन्यात आणखी एक माणूस गेला.

खरं काय ते ठकूला कळलं, तेही अपघातानं. श्रावण अर्धा सरला होता. तिची म्हैस पठारावर चुकली म्हणून ती शोधायला गेली. काहील वाजवायला बुधाला बसवलं. धुकं असं दाटलं की स्वतःचे पाय दिसेनात. ठकू म्हणाली, हरकत नाही, आवाजाच्या रोखानं जाईन. डावीकडून परात वाजली, ती थोडी डावीकडे वळली. उजवीकडून काहील वाजली, ती थोडी उजवीकडे वळली. धुक्यात आवाज कुठून येतो ते नीट कळत नाही. दोन आवाज असले की दोन्ही मिळून समोरून आल्यासारखे वाटतात. ठकू समोर चालत राहिली. तिच्या पायाखालचा दगड निसटला. तिनं श्वास धरला. दोन श्वासांएवढा वेळ गेला आणि खाली आवाज झाला.

ती तिथंच खाली बसली. चकवा नव्हताच. चकवा त्या दोघीच होत्या.

ठकू रांगत रांगत मागं फिरली. दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाचा वळसा घालून ती हौसाकडे गेली. सगळं सांगायचं असं ठरवून गेली होती. पण हौसा दारातच म्हणाली, "ठके, बरी आलीस. एक सांगू का, रागवू नगंस. तुझी ती काहील आल्यापास्नं मान्सं मराया लागली."

हे खरं होतं. खरं होतं म्हणून तर ते जास्त लागलं.

"आन् तुझी परात?" ठकू म्हणाली.

"माझी परात आधीची हाय गं."

"खोपीची गोष्ट आधी कुनी काढली व्हती?"

"आता ते उकरून काय काढतीस? वाजीव बापडे, तुला वाजवायचं तर. माझं काय म्हननं न्हाई."

हौसा हे गोडीनंच म्हणाली. तिच्या त्या गोडीनंच ठकूचं डोकं फिरायचं. ठकू आल्या पावली परत गेली. तिच्या पोटात जे होतं ते पोटातच राहिलं. थांबायचं तर हौसानं थांबावं, मी का म्हणून थांबू, असं म्हणत ती अख्खा पंधरवडा काहील वाजवत राहिली. त्या पंधरवड्यात धुक्यातून कुणी घाट चढून आलं नाही ही देवाची कृपा, ठकूची नव्हे. गोष्ट सांगताना आमच्याकडे हे गाळत नाहीत.

आणि मग गौरी आल्या. पाथरवडे आणि आसपासच्या वाड्यांतल्या कितीतरी लेकी खाली कोकणात दिलेल्या होत्या. गौरीच्या सणाला त्या घोळक्यानं माहेरी यायच्या, कडेवर पोरं, डोक्यावर गाठोडी. दर साली त्यांचा विसावा हौसाच्या खोपीत. ठकूला लेक नव्हती. समोरच्या काठावर माहेरवाशिणींचा गलका चालायचा आणि ती इकडे एकटी बसून तो ऐकायची. पण त्या साली त्यांच्यातली वडीलधारी भागीरथी हिनं निरोप धाडला होता: "हौसाबायच्या खोपीत गेल्या साली जागा पुरली न्हाई. यंदा ठकूबाय, आमी तुझ्या दारी."

ठकूनं तो निरोप आणणाऱ्याकडून तीनदा वदवून घेतला. खोप सारवली. दारात रांगोळी काढली. वरईचा भात, घावन, गूळ घालून खीर केली. तूप कमी पडेल म्हणून बुधाला गावात पाठवलं. जन्मात ती एवढी खुशीत नव्हती.

दुपारी धुकं उतरलं. पाठोपाठ वारा सुटला. पलीकडे परात वाजायला लागली. ठकूनं मुसळ उचललं आणि काहील ठोकायला सुरुवात केली. या गं बायांनो, माझ्या दारी या.

थोड्या वेळानं तिला लहान मुलाचं रडणं ऐकू आलं. डावीकडून नाही, उजवीकडून नाही. बरोबर मधून. मग घळीत दगड गडगडले आणि एक बाई किंचाळली.

ठकूला कळलं. घोळका घळीच्या तोंडावर उभा होता आणि आवाजाच्या रोखानं पाऊल टाकणार होता. दोघींपैकी एकीनं गप्प व्हायला हवं होतं. हौसाला ओरडून सांगावं तर परातीच्या आणि वाऱ्याच्या आवाजात ते पोचणार नव्हतं. आणि पोचलं असतं तरी ठकूला ते सांगावंसं वाटत नव्हतं. तिला वाटत होतं, हौसाची परात फुटावी आणि सगळ्या जणी माझ्याकडे याव्यात. तिनं आणखी तीन टोले हाणले, आधीपेक्षा जोरानं. तिसऱ्या टोल्याला ते पोर पुन्हा रडलं, जरा जवळून.

ठकूनं मुसळ टाकून दिलं.

पण काहील काही गप्प होईना. वाऱ्यानं ती हेलकावे घेत होती आणि झाडावर आपटून आपसूक वाजत होती. साखळी फांदीत रुतलेली, ती काढायला वेळ नव्हता. ठकूनं धावत जाऊन काहिलीला मिठी मारली. छाती लावली, गाल लावला, पाय मुळांत रोवले, आणि त्या लोखंडाची थरथर आपल्या अंगात जिरवली. पठारावर एकच आवाज उरला. हौसाच्या परातीचा.

मिठी न सोडता ठकू ऐकत राहिली. पावलं डावीकडे वळली. "हिकडं गं, हिकडं!" मग गलका. मग हौसाचं ते हसणं. मग पोरांचं रडणं थांबलं, म्हणजे त्यांच्या तोंडात काहीतरी पडलं असणार. ठकूच्या चुलीवर खीर आटून गेली. तेव्हा ठकू रडली. आनंदानं रडली असं सांगणारे लोक आहेत, त्यांचं ऐकू नका. ती हेव्यानं रडली, मोठ्यानं रडली, आणि हात मात्र सोडले नाहीत.

धुकं हटेना. आणखी कुणी वाटेवर असेल तर, म्हणून तिनं काहील धरूनच ठेवली. बुधा तूप घेऊन आला आणि हात द्यायला गेला, तर म्हणाली, "सरा तिकडं. माजं मी धरते." दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती तशीच उभी होती. तिच्या गालाचा वळ काहिलीच्या लोखंडावर उमटला, असं म्हणतात.

तिकडे पलीकडच्या खोपीत भागीरथी शेकता शेकता हौसाला म्हणाली, "बाय, दोन आवाज व्हते. आमी मधीच चाललो. माझं एक पाऊल घळीत लोंबत व्हतं. तेवढ्यात एक आवाज मेला, म्हनून आमाला दिशा कळली."

हौसा वाढता वाढता थांबली. ती गोड होती, पण मूर्ख नव्हती. कासार, ते दोघे भाऊ, तो चौथा माणूस, सगळे एका क्षणात तिच्या डोळ्यांपुढं आले. 

दुसऱ्या दिवशी दुपारी वाऱ्यानं धुकं फाडलं. पलीकडच्या काठावर ठकू काहिलीला कवटाळून उभी असलेली सगळ्यांना दिसली. निघता निघता माहेरवाशिणी रीतीप्रमाणे म्हणाल्या, "हौसाबाय, तू व्हतीस म्हनून वाचलो."

"माझं नाव एकदा झालं, पुरे," हौसा म्हणाली. "आता हितं काठावर या. तिचं नाव घ्या. तिला ऐकू गेलं पायजे."

सगळ्या जणी घळीच्या काठावर ओळीनं उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "ठकूबाय! तू व्हतीस म्हनून पोचलो!"

काहिलीवरचा गाल न उचलता ठकू ओरडली, "ऐकू न्हाई आलं! पुन्यांदा!"

तिला पहिल्या हाकेलाच नीट ऐकू आलं होतं, असं म्हणतात. पुन्हा ओरडल्या. तेव्हा कुठं तिनं हात सोडले.

पुढं दोघी जावांनी पाळी ठरवून घेतली. एका धुक्याला हौसानं वाजवायचं, पुढच्या धुक्याला ठकूनं. जिची पाळी नसेल तिनं आपलं वाजणारं सगळं धरून गप्प बसायचं. त्यानंतर घळीत माणूस पडलं नाही. ठकू काही साध्वी झाली नाही. माझ्या पाळीचं धुकं नेहमी पातळ असतं, दाट धुकं तेवढं हौसाच्या वाट्याला जातं, अशी कुरकुर ती मरेपर्यंत करत होती.

आता घाटाला सडक झाली, एसटी दुसऱ्याच बाजूनं चढते. तरी दोन्ही काठांवर खोपी आहेत. गाव त्या दर साली शाकारतं, आणि आषाढापासून अश्विनापर्यंत पाळीपाळीनं दोन घरं तिथं आग राखतात. धुक्यात एकच खोप वाजते. दुसऱ्या खोपीतलं माणूस तेवढा वेळ काहिलीला किंवा परातीला हात लावून बसतं, आणि ते बसणं हाच मोठा मान समजतात. वाजवायला कुणीही चालतं. गप्प बसायला गाव माणूस निवडून देतं.

आणि वर पोचलेला वाटसरू, मग तो गुराखी असो की शहरातून डोंगर चढायला आलेला पोरांचा घोळका, भाकरीला हात लावण्याआधी घळीच्या काठावर जातो. तो हौसाचं नाव एकदा घेतो आणि ठकूचं दोनदा. एखादा उतावळा ठकूचंही एकदाच घेऊन माघारी वळतो. त्याला कुणी काही म्हणत नाही. घळ गप्प असते, पलीकडची खोप गप्प असते, भाकरी वाढणारीही हात आखडून गप्प उभी असते. मग तो आपणहून काठावर परत जातो आणि जरा जास्त मोठ्यानं ओरडतो.